प्रॅझोसिन आहे, म्हणून प्रतिविष नको? : जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी आणि मा. जिल्हा शल्यचिकित्सक यांस,

स. न. वि. वि.

मी कोकणातल्या एका डोंगरी तालुक्यात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचवाचं प्रतिविष का नाही, असा अर्ज मी केला होता. त्याचं उत्तर आलं. उत्तर दोन ओळींचं आहे: विंचूदंशावर प्रॅझोसिन गोळ्या सर्व केंद्रांत उपलब्ध आहेत, सबब प्रतिविषाचा साठा केंद्रस्तरावर ठेवण्याची आवश्यकता नाही, गंभीर रुग्ण जिल्हा रुग्णालयात संदर्भित करावेत.

त्यातला 'सबब' हा शब्द मला मान्य नाही. गोळी आहे हे खरं, पण त्यावरून प्रतिविष नको असं निघत नाही. दोन्ही औषधांची कामं वेगळी आहेत. ती कशी, हे मी वर्गात फळ्यावर सांगते तसं इथे सांगणार आहे, कारण हा निर्णय ज्यांच्यावर लागू होतो त्या वाड्यांतल्या लोकांनीही ते वाचावं अशी माझी इच्छा आहे.

आधी माझं म्हणणं कुठून आलं ते सांगते.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. पावसाच्या आधी लाकूडफाटा पडवीत भरायचं काम घरोघरी चालू होतं. माझा 9 वर्षांचा भाचा मोठ्यांच्या बरोबरीने लाकडं वाहत होता. रात्रीचे 8 वाजले असतील. एका ओंडक्याची साल सुटलेली होती, तिच्याखाली विंचू होता. तांबडा, दोन-अडीच इंचांचा. बोटाला नांगी बसली. माझ्या बहिणीच्या सासूबाईंनी चिंचोका उगाळून लावला. मुलगा फारसा रडला नाही, त्याचंच आम्हाला बरं वाटलं. दुखत नाही म्हणजे विष थोडंच गेलं असणार, असं आम्ही एकमेकांना म्हणालो. हा समज किती चुकीचा आहे ते मला त्या रात्री कळलं. ज्याला विष भिनतं, त्याच्या जखमेची आग कित्येकदा कमी असते. आणि रात्रभर नुसता ठणका सोसणारा माणूस बहुधा सकाळी बरा होऊन कामाला लागतो.

अर्ध्या तासात तो तीनदा ओकला. पंखा चालू होता तरी सदरा पिळून काढावा इतका घाम. तोंडातून लाळ. आणि हात धरला तर माठासारखा गार. मी शिक्षिका आहे, डॉक्टर नाही, पण घामाने थबथबलेल्या मुलाचे हात गार कसे, हा प्रश्न मला त्या क्षणी पडला होता. उत्तर पुढे लिहिते.

आरोग्य केंद्रात आम्ही सव्वानऊला पोचलो. तिथल्या तरुण डॉक्टरांबद्दल माझी काहीही तक्रार नाही, उलट त्यांचे उपकार आहेत. त्यांनी एका नजरेत ओळखलं, प्रॅझोसिनची गोळी दिली. ती ओकारीत पडली. त्यांनी थांबून पुन्हा दिली. मुलाला उठवून बसवू नका, गोळीने रक्तदाब एकदम उतरू शकतो, आडवाच ठेवा, हेही सांगितलं. मग मी प्रतिविषाचं विचारलं. सापाचं होतं, विंचवाचं नव्हतं. तिथून ग्रामीण रुग्णालय: तिथेही नाही. तिथून घाट उतरून सिव्हिल. आडवाच ठेवायचा म्हणून मुलाला मांडीवर घेऊन वळणावळणाने जीपमधून नेला. सिव्हिलच्या दारात रात्रीचा सव्वा वाजला होता. तोवर तो खोकायला लागला होता आणि ओठांशी गुलाबी फेस दिसत होता.

सिव्हिलमध्ये प्रतिविष होतं. बाटलीत पांढरी पावडर असते. त्यात डिस्टिल्ड वॉटर घातल्यावर सिस्टरने ती हलवली नाही; दोन तळहातांमध्ये धरून, वात वळावी तशी हळूहळू फिरवत राहिल्या. हलवली तर फेस होतो, म्हणाल्या. ती पावडर विरघळेपर्यंतचा वेळ मी आयुष्यात विसरणार नाही. ऑक्सिजन, हृदयाला आधार देणारं सलाईन, प्रॅझोसिनचे पुढचे डोस हे सगळं चालूच होतं. पाचव्या दिवशी मुलगा घरी आला. आज तो शाळेत येतो आहे.

तो वाचला, म्हणजे 'संदर्भित करावे' हा सल्ला बरोबर ठरला, असं कृपया समजू नका. 8 वाजता विष गेलं आणि दीडला उतारा मिळाला. मधल्या साडेपाच तासांत त्याच्या शरीरात काय होत होतं, ते पाहू.

आपल्या मज्जातंतूंवर सोडियमसाठी बारीक बारीक दरवाजे असतात. संदेश जायचा असला की दरवाजा उघडतो आणि सेकंदाच्या जेमतेम हजाराव्या भागात बंद होतो. बंद होणं हे उघडण्याइतकंच महत्त्वाचं आहे, कारण त्यामुळे संदेश थांबतो. विंचवाच्या विषात लहान लहान प्रथिनं असतात, साधारण साठ-सत्तर अमिनो आम्लांची साखळी, चार गंधकाच्या टाक्यांनी घट्ट शिवलेली. त्यातली एक जात या दरवाजाच्या बाजूला बाहेरून येऊन बसते, नेमकी त्या भागावर जो विजेतला बदल ओळखून दरवाजा मिटवायला लावतो. दरवाजा उघडतो, पण मिटत नाही. तंतू एकदा संदेश पाठवायच्या ऐवजी पाठवतच राहतो.

मुलांना मी शाळेच्या घंटेचं उदाहरण देते. विजेच्या घंटेचं बटण दाबलं गेलं आणि तिथेच अडकलं. घंटा वाजतेच आहे, आणि प्रत्येक वर्गातली मुलं बाहेर धावताहेत.

शरीरात बाहेर धावतात ती रसायनं. आधी ओकारी, घाम, लाळ, नाडी मंद. मग अ‍ॅड्रेनॅलिन आणि त्याची भावंडं यांचा लोंढा. त्याने रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणून हातपाय गार. आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध हृदयाला रक्त रेटावं लागतं, रक्तदाब चढतो, हृदय दमतं, आणि रक्तातलं पाणी फुप्फुसात उतरतं. भाच्याच्या ओठांवरचा तो फेस म्हणजे हेच. आपल्या तांबड्या विंचवाच्या विषात याशिवाय पोटॅशियमचे दरवाजे बुजवणारी प्रथिनंही आहेत. त्यांपैकी आयबेरिओटॉक्सिन 1990 साली वेगळं काढलं गेलं, आणि ते इतकं अचूक आहे की मज्जातंतूंचा अभ्यास करणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळा ते वापरतात. आमच्या बांधावरच्या विंचवाचं विष जगाला इतकं नीट माहीत आहे. मग त्याचा उतारा त्याच बांधावरच्या माणसाला घाट उतरून का शोधावा लागतो?

आता दोन औषधं. प्रॅझोसिन रक्तवाहिन्यांवरच्या, अ‍ॅड्रेनॅलिन जिथे येऊन बसतं त्या जागा अडवतं. वाहिन्या सैल होतात, हृदयावरचा भार उतरतो. घंटेच्या उदाहरणात बोलायचं तर मुलं धावताहेत, आणि फाटकाशी उभा राहून कुणीतरी त्यांना रस्त्यावर जाऊ देत नाही. अतिशय मोलाचं काम. पण घंटा वाजतेच आहे. विष रक्तात आहे तोवर बटण अडकलेलंच आहे.

बटण सोडवतं ते प्रतिविष. घोड्याला महिनोन्महिने विषाचे अगदी बारीक, चढते डोस देतात. घोडा त्याविरुद्ध अँटिबॉडी, म्हणजे विषाला पकडणारी प्रथिनं, तयार करतो. त्याच्या रक्तद्रवातून त्या वेगळ्या काढून पेप्सिन या पाचक विकराने त्यांचं शेपूट कापतात, म्हणजे माणसाला ऍलर्जीचा त्रास कमी व्हावा; पकडणारे दोन हात तेवढे राहतात. हे हात विषाच्या प्रथिनाला मिठी मारतात. अँटिबॉडीचा तुकडा त्या प्रथिनापेक्षा दहा-पंधरा पट मोठा. एकदा मिठी बसली की विषाला दरवाजाशी बसायला जागाच उरत नाही.

लोक मला विचारतात, विष आधीच मज्जातंतूवर जाऊन बसलं असेल तर मग काय उपयोग? उपयोग आहे. विष दरवाजाला खिळ्याने ठोकलेलं नसतं. ते सुटतं, पुन्हा धरतं, पुन्हा सुटतं. रक्तात आणि पेशींच्या भोवतीच्या द्रवात अँटिबॉडी फिरत असल्या की सुटलेलं प्रथिन त्यांच्या हाती लागतं आणि परत जाऊ शकत नाही. हळूहळू दरवाजे मोकळे होतात आणि पुन्हा मिटायला लागतात.

पण जे अ‍ॅड्रेनॅलिन सांडून गेलं ते अँटिबॉडी मागे घेऊ शकत नाहीत. दमलेलं हृदय आणि पाणी भरलेलं फुप्फुस त्या दुरुस्त करत नाहीत. विंचवाच्या विषाचे रेणू लहान, ते झपाट्याने अंगभर पसरतात. म्हणून उतारा लवकर हवा, आणि झालेल्या लोंढ्यासाठी प्रॅझोसिनही हवं. एकाच्या जागी दुसरं चालत नाही, ते यामुळे.

हे मी मनाने सांगत नाही. हे काम याच कोकणात, महाडला झालं आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा विंचवाने गंभीर झालेल्या रुग्णांतले सुमारे 30 टक्के दगावत. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणं टिपली, ती लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली, आणि पुढे प्रॅझोसिनचा वापर सुरू केला. मृत्यूंचं प्रमाण 4 टक्क्यांच्या खाली आलं. आज आपल्या केंद्रात प्रॅझोसिन आहे ते त्यांच्यामुळे. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आम्ही शाळेत पेढे वाटले होते.

पण ते प्रॅझोसिनवर थांबले नाहीत, आणि आपल्या उत्तरातून नेमकं हेच सुटलं आहे. 2011 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. तांबडा विंचू चावलेले 70 रुग्ण. निम्म्यांना नुसतं प्रॅझोसिन, निम्म्यांना प्रॅझोसिन आणि प्रतिविष. 10 तासांत पूर्ण बरे झाले ते नुसत्या प्रॅझोसिनच्या गटात 22.9 टक्के, दोन्ही औषधांच्या गटात 91.4 टक्के. बरं व्हायला लागलेला सरासरी वेळ एकीकडे 17.7 तास, दुसरीकडे 8 तास. ज्या माणसाने प्रॅझोसिन आणलं, त्यानेच सांगितलं आहे की त्याच्या जोडीला प्रतिविष द्या. प्रॅझोसिनचं नाव पुढे करून प्रतिविष नाकारणं त्यांच्या कामाला धरून नाही.

आपल्याकडे कुणी म्हणेल, ट्युनिशियात 1999 साली 825 रुग्णांवर चाचणी झाली, तिथे प्रतिविषाचा फायदा दिसला नाही. ती चाचणी मला माहीत आहे. तिथे विंचू वेगळा होता, आणि लक्षणं सौम्य असोत वा गंभीर, सरसकट सगळ्यांना प्रतिविष देऊन पाहिलं होतं. सरसकट द्या असं मी म्हणतच नाही. आमच्याकडच्या काळ्या, मोठ्या विंचवाच्या दंशाला बहुतेक वेळा वेदनाशामकापलीकडे काही लागत नाही. भगताने विंचू उतरवला असं जे गावोगाव सांगतात, ते बहुतेक असेच, आपोआप उतरणारे दंश. मी बोलते आहे ते घाम, ओकारी, गार हातपाय दिसणाऱ्या रुग्णांबद्दल. अशाच निवडक गंभीर रुग्णांवर अमेरिकेत ऍरिझोनामध्ये चाचणी झाली, 2009 मध्ये ती छापून आली. विषामुळे डोळे फिरणारी, हातपाय झटकणारी 15 मुलं होती. प्रतिविष मिळालेली आठही चार तासांत सावरली. न मिळालेल्या सातांपैकी एकच. तिथला विंचू आणि तिथलं प्रतिविष दोन्ही निराळी, पण विष मज्जातंतूचा दरवाजा मिटू देत नाही आणि अँटिबॉडी तो मोकळा करतात, ही गोष्ट तीच.

आता तक्रारी. मी कुणा एका माणसाकडे बोट दाखवत नाही.

सापाच्या आणि विंचवाच्या प्रतिविषातला फरक आपल्या यंत्रणेत सगळ्यांना ठाऊक नाही. त्या रात्री ग्रामीण रुग्णालयात एका कर्मचाऱ्याने मला धीर देण्यासाठी म्हटलं, "ताई, सापाचं आहे ना, तेच देऊ." ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी थांबवलं म्हणून बरं. सापाचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर तयार केलेलं असतं. अँटिबॉडी ज्या विषासाठी घडली त्यालाच धरते. विंचवाचं प्रथिन तिच्या हाती लागत नाही. उपयोग शून्य, आणि घोड्याच्या प्रथिनाची ऍलर्जी यायची भीती मात्र पदरात.

दुसरी तक्रार मला सगळ्यात जास्त खुपते. आमच्याकडे विंचूदंशाची धड नोंदच होत नाही. भाच्याच्या केसपेपरवर पहिल्या ठिकाणी 'अननोन बाइट' लिहिलं आहे, विंचू आम्ही बरणीत घालून बरोबर नेला होता तरी! नोंद नाही म्हणून मागणी नाही, मागणी नाही म्हणून साठा नाही, साठा नाही म्हणून रुग्ण खाली जातो, आणि खाली गेलेला रुग्ण आमच्या केंद्राच्या वहीत दिसत नाही. मग आपल्या कार्यालयात बसून पाहणाऱ्याला खरंच वाटतं की या भागात विंचू चावतच नाहीत. गेल्या वर्षीपासून माझे नववीचे विद्यार्थी वाड्यावाड्यांतून वही फिरवून नोंद ठेवताहेत: कुणाला, कधी, कुठे चावला, कुठे नेलं, किती वेळ लागला. मुलं हे करू शकतात. आपल्याकडे आशाताई आहेत, उपकेंद्रं आहेत.

केंद्र सरकारने मार्च 2024 मध्ये सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा आणला. 2030 पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणायचे आहेत. मनापासून स्वागत. पण जगात दरवर्षी 12 लाखांहून जास्त लोकांना विंचू चावतो आणि 3 हजारांहून जास्त मरतात असा अंदाज आहे, आणि त्यांत लहान मुलांचं प्रमाण जास्त, कारण तेवढंच विष लहान अंगात जातं. त्या आराखड्यासाठी आपण प्रशिक्षण घेणार, साठा मोजणार, नोंदवही ठेवणार. त्याच वहीत विंचवाचा एक रकाना वाढवायला काय अडचण आहे?

आणि साठा परराज्यातून मागवावा लागतो असंही नाही. विंचवाचं प्रतिविष हाफकिनने इथे महाराष्ट्रात तयार केलं आहे.

मागण्या साध्या आहेत.

एक, केंद्रस्तरावर प्रतिविषाची आवश्यकता नाही असं म्हणणारं पत्र मागे घ्यावं.

दोन, डोंगरी भागातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात निदान एका गंभीर रुग्णाला पुरेल इतकं प्रतिविष, प्रॅझोसिन आणि ऍलर्जी आली तर लागणारं अ‍ॅड्रेनॅलिन एप्रिलच्या आत पोचावं. मुदत संपत आलेल्या बाटल्या जास्त रुग्ण येणाऱ्या ठिकाणी हलवाव्यात, म्हणजे वायाही जाणार नाहीत.

तीन, विंचूदंशाची नोंद वेगळी ठेवावी. दंशाची वेळ आणि उपचार मिळाल्याची वेळ दोन्ही लिहाव्यात. मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचं हेच, कारण पुढची पाच वर्षं साठा किती लागेल ते ही वही सांगेल.

चार, आमच्याकडे करारावर येणारे डॉक्टर वर्ष-सहा महिन्यांत बदलतात. नवीन आलेल्या प्रत्येकाला रुजू होताना विंचूदंशाचं अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण मिळावं, आणि ते रात्रपाळीच्या नर्सलाही मिळावं.

पाच, ज्या केंद्रात साठा नसेल तिथे दर्शनी फलकावर जवळचा साठा कुठे आहे ते लिहावं. 108 च्या गाडीलाही ते कळवावं. आम्ही त्या रात्री ग्रामीण रुग्णालयात थांबलो ते तिथे असेल या आशेने. नाही हे आधी कळतं तर सरळ घाट उतरलो असतो.

येत्या सोमवारी सकाळी 11 वाजता मी आपल्या कार्यालयात येणार आहे. विद्यार्थ्यांची वही, भाच्याचे तिन्ही केसपेपर आणि महाडच्या चाचणीची छापील प्रत बरोबर असेल. वही आपल्याकडे ठेवून घेतली तरी चालेल, आम्ही दुसरी घातली आहे. उत्तर लेखी मिळावं ही विनंती. भाजावळीची कामं संपून लाकडं पडवीत यायला आता फार दिवस उरलेले नाहीत.

आपली विश्वासू,
एक विज्ञान शिक्षिका